घरगुती ॲम्प्लिफायरमधील जळालेल्या भागाचे निदान

घरगुती ॲम्प्लिफायरमधील जळालेल्या भागाचे निदान म्हणजे रेडिओ, टेपरेकॉर्डर, म्युझिक सिस्टिम, होम थिएटर यांसारख्या घरातील ध्वनिसाधनांत एखादा विद्युत घटक अतिउष्णतेने निकामी झाला असता तो कोणता, त्याचे मूळ मूल्य काय आणि तो कशामुळे जळला, याचा क्रमाने घेतलेला शोध होय. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीत हा प्रकार नेहमीचा आहे आणि तो तितक्याच वेळा चुकतो. जळालेला भाग डोळ्यांना चटकन दिसतो, म्हणून तोच दोषी समजला जातो व केवळ तेवढाच बदलला जातो. प्रत्यक्षात काळा पडलेला रेझिस्टर हा बहुधा दुसऱ्याच एखाद्या भागाच्या बिघाडाचा बळी असतो. मूळ दोष तसाच राहिला तर नवा रेझिस्टर काही सेकंदांत जळतो आणि पुष्कळदा सोबत स्पीकर किंवा ट्रान्झिस्टरही घेऊन जातो.

संज्ञा

मराठी शास्त्रीय परिभाषेत रेझिस्टरला रोधक, कपॅसिटरला धारित्र, ॲम्प्लिफायरला विवर्धक आणि ट्रान्सफॉर्मरला रोहित्र असे शब्द आहेत. त्यांपैकी रोहित्र हा शब्द वीज वितरणाच्या व्यवहारात रुळला. बाकीचे शब्द पाठ्यपुस्तकांपुरते राहिले. दुरुस्तीच्या दुकानांत कपॅसिटरला अजूनही कंडेन्सर म्हणतात. या लेखात प्रचलित शब्द वापरले आहेत. ‘शॉर्ट’ म्हणजे ज्या दोन टोकांमध्ये रोध असायला हवा तेथे तो जवळजवळ शून्य होणे आणि ‘ओपन’ म्हणजे जोड आतून तुटून प्रवाह पूर्णपणे थांबणे, हे दोन शब्द पुढे वारंवार येतात.

भाग जळतो म्हणजे काय

वाहकातून विद्युतप्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याने १८४१ मध्ये मांडला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. घरगुती साधनांतील भाग इतक्या झटपट का जळतात, याचे उत्तर या ‘वर्गात’ आहे. प्रत्येक रेझिस्टर किती वॉट उष्णता सोसू शकतो हे ठरलेले असते आणि साधनाचा आराखडा करणारा त्यात थोडीशीच सूट ठेवतो. उदाहरणार्थ, पाव वॉट क्षमतेच्या १०० ओहमच्या रेझिस्टरवर नेहमी एखादा व्होल्ट पडत असेल तर त्यात एक शतांश वॉट उष्णता निर्माण होते आणि तो गारच राहतो. शेजारचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन त्याच रेझिस्टरवर ३५ व्होल्ट आले तर उष्णता १२ वॉटच्या पुढे जाते, म्हणजे क्षमतेच्या जवळजवळ पन्नास पट. अशा वेळी रेझिस्टरला काळा पडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्यात त्याचा स्वतःचा दोष काहीही नसतो.

याला अपवाद आहेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयोमानाने स्वतःच खराब होतो. त्यातील द्रव हळूहळू सुकतो आणि उष्णतेच्या शेजारी असल्यास लवकर सुकतो. पॉवर ट्रान्झिस्टरही स्वतःच्या तापण्यामुळे मरू शकतो. रेझिस्टर मात्र बाहेरच्या कारणावाचून क्वचितच जळतो, हे गृहीत धरून शोध सुरू केल्यास चूक होण्याची शक्यता कमी राहते.

चिन्हे

पहिली तपासणी नाकाने व डोळ्यांनी होते. जळालेल्या कार्बन रेझिस्टरचा वास तिखट व रंगासारखा असतो. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवरील व्हार्निश जळाले तर जड, चिकट वास कित्येक दिवस टिकतो. फुटलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा वास आंबूस, काहीसा माशासारखा येतो. स्पीकरची गुंडाळी जळाली असेल तर पेट्यातल्या कापडाजवळ नाक नेताच ते कळते. पडदा बोटांनी दोन्ही बाजूंनी हलकेच सारखा दाबला असता आत खरखर लागते.

डोळ्यांना दिसणारी चिन्हे पुढीलप्रमाणे असतात: रेझिस्टरवरील रंगपट्टे करपलेले, कपॅसिटरचे सपाट डोके फुगलेले, आयसीच्या पाठीवर बारीक खड्डा किंवा चीर, सर्किट बोर्ड तपकिरी झालेला, तांब्याची वाट उचकटलेली. बोर्डवरील तपकिरी डाग मात्र दर वेळी बिघाडाचाच असतो असे नाही. जुन्या सेटमध्ये नेहमी गरम राहणाऱ्या रेझिस्टरखाली वीस वर्षांत असा डाग पडतोच. उलट, चिनी मातीच्या पांढऱ्या लांबट ठोकळ्यात बसवलेला तारेचा रेझिस्टर आतून तुटला तरी बाहेरून अगदी नव्यासारखा दिसू शकतो. १९८० व १९९० च्या दशकांतील अनेक सेटमध्ये मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून लावलेला फिकट पिवळा डिंक उष्णतेने तपकिरी होतो; मग तो विद्युतवाहक बनतो आणि शेजारच्या भागांचे पाय खातो. हा डिंक करपलेला भाग समजून सोडून दिला जातो, पण कित्येकदा तोच मूळ दोष असतो.

भारतातील घरांत आणखी एक कारण संभवते. झाकणाच्या फटींतून आत शिरलेली पाल, झुरळ किंवा मुंग्यांची रांग २३० व्होल्टच्या दोन टोकांना जोडते. कोकणासारख्या दमट हवेत साचलेल्या धुळीला ओल धरते आणि तीही प्रवाहाला वाट देते.

मूळ मूल्य शोधणे

रेझिस्टर ओळखता येण्यापलीकडे जळाला असेल तर तो किती ओहमचा होता हा पहिला प्रश्न पडतो. रंगपट्ट्यांची पद्धत अशी आहे: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पुढील शून्यांची संख्या सांगतो आणि चौथा अचूकता दाखवतो. त्यात सोनेरी म्हणजे पाच टक्के व चंदेरी म्हणजे दहा टक्के. उष्णतेने रंग बदलतात, हाच खरा धोका आहे. लाल पट्टा तपकिरी दिसू लागतो, नारिंगी लालसर होतो, तर जांभळा व राखाडी यांत फरक राहत नाही. तिसऱ्या पट्ट्याची अशी चूक झाली की मूल्य दहापट चुकते.

स्टिरिओ ॲम्प्लिफायरमध्ये यावर सर्वांत चांगला उपाय आयताच उपलब्ध असतो. डावी व उजवी वाहिनी ही जुळी भावंडे असतात. एका वाहिनीतील भाग जळाला तर दुसरीतील त्याच जागेवरचा धडधाकट भाग पाहून मूल्य घेता येते. ही जुळी वाहिनी पुढे तपासणीतही उपयोगी पडते. दोन्हीकडच्या त्याच बिंदूंवर तीच मापे घेऊन जेथे फरक दिसेल तेथे थांबायचे, ही पद्धत सर्किटचा आराखडा हाती नसलेल्या माणसालाही जमते.

एकच वाहिनी असल्यास आराखडा मिळवणे श्रेयस्कर. तोही नसेल तर जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे. रेझिस्टर मध्येच एका ठिकाणी जळून तुटला असेल, तर वरचा रंग खरवडून प्रत्येक टोकापासून त्या तुटीपर्यंतचा रोध मोजायचा, दोन्हींची बेरीज करायची व नष्ट झालेल्या भागासाठी थोडे वाढवायचे. येणारा आकडा अंदाजाचा असतो. पण रेझिस्टर १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशा ठरावीक मूल्यांच्या पटींतच सहसा मिळत असल्याने जवळचे मूल्य निवडता येते.

सुरक्षितता

प्लग काढला म्हणजे साधन निर्धोक झाले, ही समजूत घातक आहे. ॲम्प्लिफायरमधील मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून ठेवतात. १०,००० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर ३५ व्होल्टवर भारित असेल तर त्यात सुमारे ६ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ती माणसाला मारत नाही, पण पेचकस लावल्यास ठिणगी उडून पेचकसाचे टोक वितळते आणि नवी बसवलेली आयसी जळू शकते. स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यात मात्र मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. घरातील २३० व्होल्टचा हा शिखरदाब होय, आणि तो प्राणघातक आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतही २५० ते ३०० व्होल्ट असतात.

म्हणून कपॅसिटर पेचकसाने शॉर्ट न करता योग्य रेझिस्टरमधून रिकामा करावा. कमी दाबाच्या कपॅसिटरसाठी १०० ओहम, १० वॉटचा व ३२५ व्होल्टच्या कपॅसिटरसाठी १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर विद्युतरोधक क्लिपांनी जोडून काही सेकंद धरावा आणि नंतर मीटरने खात्री करून घ्यावी. काही जुन्या स्वस्त रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसे आणि पत्र्याचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असे. प्लग उलटा बसला की तो सांगाडा जिवंत होतो. असे सेट अनुभवी माणसाच्या हातीच द्यावेत. चालू सेटमध्ये माप घेताना मीटरची काळी पिन क्लिपने सांगाड्याला लावून एकाच हाताने काम करावे, दुसरा हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही. शाळकरी मुलांनी हे काम एकट्याने करू नये.

निदानाचा क्रम

पहिली पायरी विचारपूस ही आहे आणि ती सर्वांत स्वस्त पडते. सेट बंद पडला तेव्हा काय चालले होते? आवाज मोठा होता का? नवे स्पीकर जोडले होते का? त्याच वेळी घरातील पंखे वेगाने फिरले किंवा दिवे झगझगले का? यापूर्वी कोणी उघडला होता का? शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर सहसा मिळत नाही. ते सोल्डरचे जोड पाहून शोधावे लागते.

त्यानंतर वीज न देता मापे घ्यावीत. मीटरच्या डायोड चाचणीत चांगला सिलिकॉन डायोड किंवा ट्रान्झिस्टरचा एक जोड एका दिशेने सुमारे ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो व उलट दिशेने काहीच दाखवत नाही. दोन्ही दिशांना शून्याच्या जवळ आकडा आला तर तो शॉर्ट असल्याचा संशय घ्यावा आणि तो भाग सोडवून पुन्हा मोजावा. रेझिस्टर बोर्डवरच मोजताना एक साधे तर्कशास्त्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेजारच्या भागांतून प्रवाहाला समांतर वाटा मिळत असल्याने बोर्डवर मोजलेला आकडा छापील मूल्यापेक्षा कमी येऊ शकतो. तो जास्त आला आणि कपॅसिटर पूर्ण रिकामे असले, तर तो रेझिस्टर निश्चित खराब आहे. कमी आला तर मात्र एक पाय सोडवून पुन्हा मोजल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

शोध सहसा जळालेल्या भागापासून दोन्ही दिशांना न्यावा: या भागाला प्रवाह कोठून मिळतो आणि यातून पुढे तो कोठे जातो? पुढची वाट शॉर्ट झाली असेल तर दोषी तिकडे सापडतो. काळ्या पडलेल्या रेझिस्टरवर सगळे लक्ष केंद्रित करून शेजारचा बाहेरून निर्दोष दिसणारा ट्रान्झिस्टर न मोजणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सदोष भाग बदलल्यावर सेट सरळ विजेला न जोडता ‘सिरीज बोर्ड’वर लावतात. यात विजेच्या वाटेत ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब ओळीने जोडलेला असतो. सेटमध्ये शॉर्ट राहिला असेल तर जवळजवळ सगळा विद्युतदाब बल्बवर पडतो, बल्ब झगझगीत पेटतो आणि प्रवाह १०० वॉटच्या बल्बमुळे ०.४३ अँपिअरपुढे जात नाही. सेट ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर चमकतो आणि मंद होतो. बल्बच्या तारेचा रोध थंड असताना अतिशय कमी व तापल्यावर दहापटीहून अधिक असतो. म्हणून हा साधा बल्ब आपोआप आवर घालणारा पहारेकरी ठरतो. एलईडी किंवा सीएफएल दिव्यांत हा गुण नाही, त्यामुळे ते येथे चालत नाहीत. तारेचे बल्ब घरांतून हद्दपार झाले तरी दुरुस्तीच्या टेबलावर ते अजून टिकून आहेत, ते याच कारणाने. बल्ब पेटलेलाच राहिला तर ॲम्प्लिफायरचा बोर्ड वीजपुरवठ्यापासून सोडवून पुन्हा पाहावे. तरीही पेटत असेल तर दोष डायोड, कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. विझला तर तो बोर्डवर आहे.

बल्ब मंद झाला म्हणून लगेच स्पीकर जोडू नये. आधी स्पीकरच्या टोकांवर एकदिश दाब मोजावा. दुहेरी पुरवठ्याच्या चांगल्या सेटमध्ये तो काही दशक मिलिव्होल्टच असतो. तेथे पूर्ण व्होल्ट दिसू लागले तर स्पीकर जोडणे म्हणजे तो जाणूनबुजून जाळणे होय.

नेहमी आढळणारी कारणे

आउटपुट टप्पा. स्पीकरला शक्ती पुरवणारे ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात. एक धन बाजूकडून व दुसरा ऋण बाजूकडून प्रवाह देतो आणि दोघांच्या पायाशी ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे एमिटर रेझिस्टर असतात. समजा पुरवठा अधिक-उणे ३५ व्होल्टचा आहे, एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि ८ ओहमचा स्पीकर जोडलेला आहे. स्पीकरच्या गुंडाळीचा एकदिश रोध सुमारे ६ ओहम असतो. मग साधारण ५.६ अँपिअर प्रवाह वाहतो, ०.२२ ओहमच्या रेझिस्टरमध्ये ७ वॉट व स्पीकरच्या गुंडाळीत १९० वॉट उष्णता निर्माण होते. पाच वॉटचा रेझिस्टर काही काळ तग धरतो, स्पीकर धरत नाही. चांगल्या सेटमध्ये रिले बसवून स्पीकर तत्काळ तोडण्याची सोय असते. स्वस्त सेटमध्ये ती नसते. दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले तर ७० व्होल्ट आणि दोन रेझिस्टर मिळून जेमतेम ०.४४ ओहम एवढाच सामना उरतो. तेव्हा फ्यूज जाण्याआधीच कपॅसिटरांतील साठ्याने रेझिस्टर फुटतात. म्हणून एमिटर रेझिस्टर जळालेला दिसला की दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर, त्यांना चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या बेसवरील लहान रेझिस्टर हे सगळे तपासल्याशिवाय वीज देत नाहीत.

हे ट्रान्झिस्टर मुळात का जातात, याचे एक नेहमीचे कारण बायसमध्ये असते. शांत अवस्थेतही या ट्रान्झिस्टरांतून थोडा प्रवाह वाहता ठेवतात, म्हणजे आवाज स्वच्छ येतो. तापमान एका अंशाने वाढले की सिलिकॉन ट्रान्झिस्टरला लागणारा बेस-एमिटर दाब सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. बायस तोच राहिला तर प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते, तिने पुन्हा प्रवाह वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर त्याच हीट सिंकवर बसवलेला असतो. त्याचा स्क्रू सैल झाला किंवा पांढरे लेपण सुकले तर त्याला उष्णतेची वर्दी मिळत नाही. बायस जुळवण्याचा ट्रिमपॉटही झिजतो. काही मांडणींत त्याचा संपर्क सुटताच बायस शून्याकडे न जाता थेट कमालीकडे जातो. दहा रुपयांच्या त्या ट्रिमपॉटपायी संपूर्ण आउटपुट टप्पा जळतो आणि सर्वांत अखेरीस संशय घेतला जातो तोही त्याच्यावरच.

न ऐकू येणारे आंदोलन. बहुतेक ॲम्प्लिफायरांत स्पीकरच्या टोकांना समांतर १० ओहमचा रेझिस्टर व ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर ओळीने जोडलेले असतात. या जोडीला झोबेल जाळे म्हणतात. स्पीकरवर १० व्होल्ट असताना १ किलोहर्ट्झच्या स्वराला या रेझिस्टरमध्ये अर्धा मिलिवॉटही निर्माण होत नाही. मानवी कानाच्या मर्यादेवर, २० किलोहर्ट्झला, जेमतेम ०.१५ वॉट होते. पण ५०० किलोहर्ट्झला तेथे ९ वॉट निर्माण होतात. त्यामुळे हा रेझिस्टर काळा पडलेला दिसला तर त्याचा अर्थ जवळजवळ निश्चित असतो: ॲम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारतेवर स्वतःच आंदोलने करत आहे, किंवा केव्हातरी करत होता. आवाज ठीक आहे म्हणून केवळ रेझिस्टर बदलणे येथे विशेष फसवे ठरते. कारण शोधावे लागते ते आधीच्या दुरुस्तीत बसवलेल्या वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये, सुटलेल्या अर्थच्या जोडात किंवा तुटलेल्या लहान सिरॅमिक कपॅसिटरमध्ये. त्याच्या खात्रीसाठी ऑसिलोस्कोप लागतो.

व्हॉल्व्हचे रेडिओ. जळालेला भाग निर्दोष असण्याचे सर्वांत बोलके उदाहरण जुन्या रेडिओत मिळते. ईएल ८४ हा व्हॉल्व्ह आउटपुटसाठी सर्रास वापरला जाई. त्याच्या ग्रिडला आधीच्या टप्प्याशी जोडणारा कागदी कपॅसिटर वयोमानाने गळू लागतो. आधीच्या टप्प्यावर १०० व्होल्ट, कपॅसिटरची गळती १० मेगाओहमएवढी आणि ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहम धरला, तर ग्रिडवर साडेचार व्होल्ट धन दाब येतो. या व्हॉल्व्हला आवर घालणारा ऋण दाब सुमारे ७ व्होल्टच असल्याने व्हॉल्व्ह बेफाम वाहू लागतो, त्याची पत्री लाल होते, कॅथोडचा रेझिस्टर करपतो आणि लक्ष गेले नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कारागीर कॅथोडचा रेझिस्टर बदलतो, व्हॉल्व्ह बदलतो. तो कपॅसिटर मात्र साध्या मीटरच्या काही व्होल्टच्या चाचणीत निर्दोषच दिसतो, कारण गळती पूर्ण दाबालाच उघडी पडते. म्हणून असा रेडिओ पुन्हा सुरू करण्याआधी हा एक कपॅसिटर न मोजताच बदलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे.

वीजपुरवठा. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रलची तार तुटली तर घरात येणारा दाब २३० न राहता शेजारच्या फेजवरील भारानुसार ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. एकाच वेळी घरातील किंवा वाड्यातील अनेक वस्तू जळाल्या असतील तर हेच कारण धरावे. सेटच्या प्रवेशापाशी असलेला चकतीसारखा व्हॅरिस्टर फुटून काळा झालेला असतो, फ्यूज गेलेला असतो आणि नशीब चांगले असेल तर पलीकडे काहीच बिघडलेले नसते. व्हॅरिस्टर काढून टाकून सेट चालू करता येतो, पण मग पुढच्या वेळी संरक्षण राहत नाही.

हौशी व स्थानिक बनावटीचे सेट. भारतातील गल्लोगल्ली बनणाऱ्या ॲम्प्लिफायरांत सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी फार वर्षे लोकप्रिय राहिली. दुकानांत तिला नुसते ‘चव्वेचाळीस चाळीस’ म्हणतात. तिची चालू स्थितीतील कमाल मर्यादा १८ व्होल्ट आहे. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर व दोन डायोड वापरले तर भार नसताना १६ व्होल्टच्या थोडे वर मिळतात, म्हणजे विजेचा दाब वाढला की मर्यादा जवळ येते. त्याच ट्रान्सफॉर्मरचे मधले टोक सोडून चार डायोडांचा ब्रिज बाहेरच्या दोन टोकांना लावला तर ३२ व्होल्टच्या वर मिळतात आणि आयसी तात्काळ फुटते. टीडीए २०३० या आयसीत वेगळी खोच आहे: तिची धातूची पाठ पुरवठ्याच्या ऋण टोकाशी आतून जोडलेली असते. दुहेरी पुरवठ्यावर अभ्रकाची चकती न घालता ती अर्थ केलेल्या हीट सिंकवर आवळली तर ऋण पुरवठा शॉर्ट होतो.

जादा स्पीकर. गणेशोत्सवात किंवा घरच्या समारंभात एकाच सेटला आणखी पेट्या जोडल्या जातात. ८ ओहमचे तीन स्पीकर समांतर जोडले तर सेटला २.७ ओहमचाच भार दिसतो. ४ ओहमपर्यंतची मर्यादा असलेला सेट त्यावर रात्रभर वाजवला तर सकाळी जळालेला भाग शोधण्याची वेळ येते.

नवा भाग बसवणे

रेझिस्टर त्याच मूल्याचा आणि त्याच किंवा अधिक वॉटचा घ्यावा, हा सर्वसाधारण नियम आहे. याला महत्त्वाचा अपवाद फ्यूजिबल रेझिस्टरचा. तो जादा प्रवाहात ज्वाला न पकडता तुटावा यासाठीच बनवलेला असतो. तेथे मजबूत साधा रेझिस्टर लावणे म्हणजे संरक्षण काढून टाकणे होय. आराखड्यात अशा भागांवर सुरक्षिततेचे चिन्ह असते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची सवय याच जातीची असून तिने सेटच नव्हे, घरेही जळतात.

आउटपुट ट्रान्झिस्टर जोडीनेच बदलावेत. २एन३०५५ सारख्या धातूच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरची टोपी म्हणजेच कलेक्टर असल्याने अभ्रकाची चकती फाटलेली नाही हे मीटरने पाहून घ्यावे. लोकप्रिय ट्रान्झिस्टरांचे बनावट नमुने बाजारात फार आहेत. आत आवश्यकतेपेक्षा लहान सिलिकॉन तुकडा बसवून वर नामांकित क्रमांक छापलेला असतो, आणि तो मंद आवाजात व्यवस्थित चालून पहिल्याच मोठ्या आवाजाला जातो. मुंबईत लॅमिंग्टन रस्ता व पुण्यात बुधवार पेठ येथे सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे; तेथेही ओळखीच्या दुकानातून घेतलेला माल बरा.

सर्किट बोर्डचा करपलेला भाग खरवडून पूर्ण काढावा. कोळसा झालेला बोर्ड विद्युतवाहक असतो. वरून नवा रेझिस्टर बसवला तरी प्रवाह खालून त्या कोळशातून जात राहतो, आणि ‘सगळे भाग बदलले तरी जळते’ अशा तक्रारींचे मूळ अनेकदा येथे सापडते. गरम राहणारा रेझिस्टर बोर्डपासून काही मिलिमीटर उचलून बसवावा.

दुरुस्तीनंतर शांत अवस्थेतील प्रवाह मोजताना एमिटर रेझिस्टरवरील दाब पाहतात, ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. हे माप थंड सेटवर एकदा व अर्ध्या तासाने तापल्यावर पुन्हा घ्यावे. दुसऱ्या वेळी ते चढतच राहिले तर मूळ दोष अद्याप आतच आहे.

मर्यादा

ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जळाली असल्यास ती पुन्हा गुंडाळून घेता येते, पण लहान सेटमध्ये खर्च परवडत नाही. एसटीके मालिकेतील अनेक जुन्या संकरित आयसींचे उत्पादन थांबले असून बाजारात मिळणाऱ्या ‘नव्या’ नगांवर विश्वास ठेवणे कठीण असते. अशा वेळी आतला बोर्ड संपूर्ण बदलून जुनी पेटी, ट्रान्सफॉर्मर व स्पीकर वापरात ठेवण्याचा मार्ग अनेक कारागीर घेतात. टाकून द्यायचा सेट भंगारात न जाता अधिकृत संकलकाकडे जावा, अशी अपेक्षा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांत आहे.